कोणता कडा, कोणत्या महिन्यात

नाशिकच्या भोवती कातळाला तोटा नाही. त्र्यंबक रोडला लागलं की अंजनेरी, पुढे ब्रह्मगिरी, मग हरिहर, उत्तरेला सातमाळेची अख्खी रांग, आणि मनमाडकडे गेलं की हडबीची शेंडी. हरिहरच्या एका कड्याला स्कॉटिश कडा म्हणतात, कारण १९७५ साली एव्हरेस्टच्या नैऋत्य भिंतीवरून माथा गाठणारा डग स्कॉट १९८६ मध्ये इथे आला आणि तो कडा चढून गेला. तेव्हा आपल्या कड्यांवर रोप, म्हणजे दोर, लावून चढणारी माणसं मोजकी होती, एकमेकांना नावानिशी ओळखायची, आणि कुठल्या भिंतीवर काय आहे, कुठला दगड हलतो, कुठे मोहोळ बसतं हे सगळं त्यांच्या डोक्यात असायचं. कागदावर लिहायची गरजच पडायची नाही. आता क्लाइंबिंग ऑलिंपिकमध्ये गेलंय, शहरात आर्टिफिशियल वॉल झाल्यात, तिथे शिकलेली मुलंमुली दुसऱ्या वर्षीच खरा कातळ मागतात आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. पण माणसं वाढली आणि माहिती मात्र अजून मोजक्या लोकांच्या डोक्यातच आहे, त्यातलेही काही आता डोंगरात येत नाहीत.

मला काळजी वाटते ती याची. एखाद्या कड्यावरून वाद झाला की आपल्याकडे उत्तरं दोनच असतात, सगळं उघडं ठेवा नाहीतर सगळं बंद करा. अपघात झाला, बंद. गर्दीचा व्हिडिओ फिरला, बंद. मग काही आठवड्यांनी कोणीतरी ओळख काढतं आणि गुपचूप परत सुरू. या दोन्हीच्या मधलं उत्तर, म्हणजे ही भिंत या महिन्यात नको पण शेजारची चालेल, या वाटेने जाऊ नका पण त्या वाटेने खुशाल जा, हे उत्तर द्यायला हातात नोंदी लागतात आणि त्या आपल्याकडे नाहीत. वनखात्याकडे नाहीत, गावाकडे नाहीत, क्लबांकडेही सलग अशा नाहीत. ज्याच्या हातात काहीच लिहिलेलं नाही तो अधिकारी सगळंच बंद करणार, आणि त्याच्या जागी मी असतो तरी मीही तेच केलं असतं.

अंजनेरीचंच घ्या. गावातून वर जाणारी वाट देवदर्शनाला येणाऱ्यांची, ट्रेकर्सची, माकडांची आणि क्लाइंबर्सची, सगळ्यांची एकच. वर पठारावर सेरोपेजिया अंजनेरिका नावाचं कंदीलपुष्प उगवतं, २००६ मध्ये त्याची नवीन जात म्हणून शास्त्रीय नोंद झाली आणि गडाचं नाव थेट त्या वनस्पतीला मिळालं. आणि कड्यांच्या कपारीत लांब चोचीची गिधाडं घरटी करतात. या डोंगराला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा आहे, तो मुख्यतः त्यांच्यामुळे. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक टोचलेली गुरं मेली की ती खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होत होती, भारतात जनावरांसाठी ते औषध २००६ मध्ये बंद झालं, पण तोवर या जातीची संख्या ९५ टक्क्यांहून जास्त खाली गेली होती. जी उरली त्यातली काही जोडपी आपल्या शहरापासून तासाभराच्या अंतरावर राहतात. मला ही फार मोठी गोष्ट वाटते.

आता खरी अडचण. ही गिधाडं हिवाळा लागताना एकच अंडं घालतात, साधारण दोन महिने ते उबवतात, आणि पिल्लू उडेपर्यंत उन्हाळा लागलेला असतो. आपला क्लाइंबिंगचा सीझन कोणता? पावसाळा संपून कातळ वाळला की सुरू आणि मार्चमध्ये दगड तापायला लागला की संपला. म्हणजे दोघांचं वेळापत्रक अगदी एकावर एक बसतं. त्यामुळे "ऑफ सीझनला जा" असा सोपा सल्ला इथे चालत नाही, ऑफ सीझनला पाऊस असतो आणि भिंतीवरून धबधबे पडत असतात. इथे वेळ बदलता येत नाही, जागाच निवडावी लागते, आणि जागा निवडायची तर यंदा कुठली कपार भरलेली आहे हे दिवाळीच्या आसपास माहीत असायला हवं.

ब्रिटनमध्ये हे काम बऱ्याच वर्षांपासून चालू आहे. ब्रिटिश माउंटेनियरिंग कौन्सिलकडे कड्यांची एक यादी असते, त्यात प्रत्येक कड्यापुढे कुठल्या काळात चढू नये, का चढू नये, आणि भिंतीचा नेमका कुठला भाग वर्ज्य आहे ते लिहिलेलं असतं. बहिरी ससाण्यासारख्या पक्ष्यांच्या घरट्यांवर लोक लक्ष ठेवतात, घरटं झालंच नाही किंवा फसलं तर बंदी लवकर उठते, पिल्लं उशिरा उडाली तर लांबते. क्लाइंबर ती पाळतात, कारण त्यांना दिसतं की बंदीमागे खरंच एक घरटं आहे आणि ते रिकामं झालं की भिंत परत मिळणार आहे. जर्मनीत फ्रँकेनयुरामध्ये कडे तीन झोनमध्ये वाटलेत, एका झोनमध्ये चढाईच नाही, दुसऱ्यात फक्त आहेत तेच रूट चढायचे, तिसऱ्यात नवीन रूट उघडता येतात. अमेरिकेत टेक्सासमधल्या ह्यूको टँक्सला कातळावर हजारो वर्षांची चित्रं आहेत आणि बोल्डरिंगही, म्हणजे दोराशिवाय शिळांवर चढणंही, जगप्रसिद्ध, तिथल्या उत्तरेकडच्या डोंगरात एका वेळी ७० माणसांनाच परवानगी असते. आणि इतक्या लांब तरी कशाला, आपल्याच कास पठारावर फुलांच्या दिवसांत रोजची मर्यादा ३,००० लोकांची ठेवलेली आहे. मोजून ठरवणं आपल्याला परकं नाही, कड्यांच्या बाबतीत ते आपण अजून केलेलं नाही इतकंच.

मी सातपूर एमआयडीसीत क्वालिटीच्या कामात आहे. आमच्याकडे प्रत्येक मशीनपाशी एक चार्ट असतो, त्यावर वरची आणि खालची रेष आधीच मारलेली असते, आणि माप रेषेबाहेर गेलं तर काय करायचं तेही शेजारीच लिहिलेलं असतं, त्यामुळे रात्रपाळीच्या ऑपरेटरला कोणाला फोन करायची गरज नसते. डोंगराच्या बाबतीत मला नेमकी हीच गोष्ट हवी आहे. अमेरिकन वनखात्यातल्या संशोधकांनी १९८५ मध्ये अशीच एक पद्धत मांडली होती, किती लोक आले याच्यापेक्षा जागेत किती बदल आपण चालवून घेणार हे आधी ठरवायचं, तो बदल कशावरून ओळखायचा ते ठरवायचं, आणि मर्यादा ओलांडली की कोणती कृती होणार हेही तेव्हाच ठरवायचं. नुकसान झाल्यावर जी बैठक होते त्यात फक्त आवाज चढतात, त्याआधी झालेल्या बैठकीत शांतपणे आकडा ठरवता येतो.

आता मोजायचं काय. लोकांना वाटतं माणसं मोजा. मोजा, पण त्यातही मेख आहे. वाटेवर इन्फ्रारेड काउंटर लावला तर दोघं खांद्याला खांदा लावून गेले की एकच मोजतो, आणि आपल्याकडे तर शेळ्या आणि माकडं पण मोजणार. म्हणून मधूनमधून कोणीतरी वही घेऊन बसून हाताने मोजायचं आणि मशीनचा आकडा किती चुकतो ते काढायचं, शनिवारी वेगळं, मंगळवारी वेगळं. पायथ्याला रजिस्टर ठेवलं तर सगळे सही करत नाहीत, तिथेही हाच उपाय. आणि माणसं मोजून सुद्धा अर्धंच कळतं, कारण पन्नास जण वाट धरून गेले तर फारसं काही होत नाही आणि पाच जण शॉर्टकट मारून सड्यावरून, म्हणजे कातळाच्या पठारावरून, तिरके गेले तर कंदीलपुष्पाच्या कंदावर पाय पडतो.

पायवाटांचा अभ्यास करणाऱ्यांनी एक गोष्ट वारंवार दाखवलेली आहे, ती पहिल्यांदा वाचली तेव्हा मला पटायला वेळ लागला. नुकसान माणसांच्या संख्येच्या प्रमाणात वाढत नाही. कोऱ्या जागेवर पहिली थोडी पावलं पडतात तेव्हाच बहुतेक झाडोरा जातो, माती दाबली जाते, आणि नंतर शंभराचे दोनशे झाले तरी फरक तुलनेनं कमी पडतो. याचा अर्थ असा की गर्दी पांगवा, लोकांना नवनवीन जागा दाखवा हा जो सल्ला आपण चांगल्या मनाने देतो तो बऱ्याचदा उलटा पडतो, चार जागा थोड्या थोड्या खराब होतात. त्यापेक्षा जी भिंत, जी वाट, खालून दोर धरून चढणाऱ्याला सांभाळायचा (बिले घ्यायचा) जो कट्टा आधीच वापरात आहे तोच पक्का करायचा, तिथे दगड लावून घ्यायचे, पाणी काढून द्यायचं, आणि बाकीचं सोडून द्यायचं. नवीन क्रॅग, म्हणजे चढाईचा कडा, उघडला की आपल्याला आनंद होतो, मलाही होतो, पण मला वाटतं नाशिकमध्ये पुढची काही वर्षं नवीन भिंती उघडण्यापेक्षा आहेत त्या नीट करण्यात शहाणपण आहे.

आमच्या भागात पाऊस हा दुसरा मोठा हिशोब. नाशिक शहरात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पडतो, आणि घाटाकडे सरकत इगतपुरीला गेलं की तीन हजारच्या वर. उन्हाळ्यात भुसभुशीत झालेली वाट पहिल्या जोराच्या पावसात घळ होऊन बसते, मग लोक घळीच्या कडेने चालतात, मग ती कडही ढासळते. हे मोजायला काहीच महागडं लागत नाही. ठरलेल्या दहाबारा जागी दगडावर खूण, टेप लावून वाटेची रुंदी आणि खोली, आणि त्याच जागेवरून त्याच दिशेला एक फोटो, एकदा मे महिन्यात आणि एकदा पाऊस उघडल्यावर. फोटोत मागचा डोंगर आला पाहिजे म्हणजे पुढच्या वर्षी कोणीही तीच फ्रेम पकडू शकतो. तीन वर्षांचे फोटो शेजारी ठेवले की वाटेचं काय होतंय ते समोरच्याला सांगायला भाषण करावं लागत नाही.

दोर अडकवायला कातळात भोक पाडून बसवतात त्या बोल्टचं मात्र जरा तपशिलात सांगतो, कारण तिथे जीव टांगलेला असतो. आपला बेसाल्ट म्हणजे लाव्ह्याचे थर, एकावर एक, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. एक थर घट्ट, त्यावरचा बुडबुड्यांनी पोखरलेला, आणि त्या पोकळ्यांत गारगोट्या वाढलेल्या, सिन्नरच्या गारगोटी म्युझियममध्ये जे सुंदर स्फटिक ठेवलेत ते अशाच पोकळ्यांतले. बघायला देखणं, पण बोल्ट मारायला वाईट. एकाच रूटवर दुसरा बोल्ट घट्ट थरात आणि चौथा पोकळ थरात असू शकतो. अशा बोल्टसाठी आंतरराष्ट्रीय मानकात भिंतीला समांतर ओढीला २५ किलोन्यूटन ताकद धरतात, पण तो आकडा बोल्टचा आणि चांगल्या दगडाचा, आपल्या त्या चौथ्या बोल्टखालचा दगड काय म्हणतो ते त्या आकड्यात नाही. त्यात कुठे जस्त लावलेला साधा बोल्ट आणि त्यावर स्टेनलेसचं हँगर, म्हणजे दोर अडकवायची पट्टी, असं मिश्रण झालेलं असतं, दोन वेगळे धातू आणि मध्ये चार महिन्यांचं पावसाचं पाणी, मग गंज आतल्या बाजूला चालतो आणि बाहेरून चकचकीत हँगर दिसतं.

म्हणून प्रत्येक रूटच्या प्रत्येक बोल्टची एक ओळ हवी. भिंत, रूट, खालून कितवा, कोणत्या धातूचा, एक्स्पान्शन (भोकात फाकून पकडणारा) की ग्लू-इन (चिकटवलेला), कोणत्या साली मारला, शेवटचा कधी तपासला, हातोडीने दगड वाजवला तर आवाज भरीव की पोकळ, नट फिरतो का, गंजाचा ओघळ आहे का. एवढंच. एका भिंतीला दोन माणसांना एक दिवस पुरतो. त्याचा फायदा असा की पैसे कमी असतात, ते कायमच कमी असतात, तेव्हा सगळी भिंत नव्याने बोल्ट करण्याऐवजी जे खरंच गेलेत ते आधी बदलता येतात आणि कातळात विनाकारण नवी भोकं पडत नाहीत.

मोहोळांची नोंद ही अगदी आपल्याकडची गरज. युरोपातल्या टोपोमध्ये, म्हणजे भिंतीवरच्या रूटच्या नकाशात, हा रकाना नसतो, आपल्या टोपोत तो पहिला हवा. आग्यामाश्या कड्याच्या ओव्हरहँगखाली, म्हणजे बाहेर झुकलेल्या भागाखाली, बसतात, ऋतूप्रमाणे जागा सोडून जातात आणि बऱ्याचदा परत त्याच जागी येतात. सह्याद्रीत रोपवर असताना माश्या उठणं म्हणजे काय हे ज्यांनी पाहिलंय ते विसरत नाहीत. याची माहिती कोणाकडे असते? एकदा पायथ्याशी गुरं घेऊन बसलेल्या एका बाबांना मी विचारलं, बाबा, या बाजूला मोहोळं कधी येतात हो. ते म्हणाले, "त्या काळ्या पट्ट्याखाली बघ, करवंदाला फूल आलं का येत्यात, दरसाल तिथंच. तुम्ही पोरं येता ते त्याच्या पलीकडनं चढा." मी वहीत लिहून घेतलं. हा डेटाच आहे, आणि माझ्या मते भिंतीबद्दलचा सगळ्यात जुना डेटा आहे, कारण आम्ही रविवारी जातो आणि ते रोज तिथे असतात. गिधाडांचंही तसंच, कोणत्या कपारीखाली विष्ठेचे पांढरे ओघळ नवे आहेत हे गावातल्या मुलाला दुर्बीण न लावता दिसतं.

म्हणून ही वही शहरातल्या क्लबच्या ड्राइव्हवर न राहता गावातही राहावी असं मला ठामपणे वाटतं. संयुक्त वन व्यवस्थापन समिती असेल तिथे तिच्याकडे एक प्रत, वनरक्षकाकडे एक प्रत, आणि नोंद करणाऱ्या गावच्या मुलांना त्या कामाचा मोबदला, फुकट नाही. वर मोबाइलची रेंज कुठे येते, कुठे येत नाही, तेव्हा छापील कागद आधी आणि मोबाइलचा फॉर्म नंतर. मराठीत. रकाने कमी. भारी ॲप बनवण्याची हौस मला समजते, पण दोन सीझन कोणी वापरलं नाही की ते मरतं, आणि शिसपेन्सिलीने लिहिलेली वही वीस वर्षांनी पण वाचता येते.

सगळं उघड करायचं का, तर नाही. २०१८ मध्ये स्ट्राव्हा या व्यायामाच्या ॲपच्या हीटमॅपवरून लष्करी तळ दिसले होते, धावणाऱ्यांच्या जीपीएस रेषांवरून, कोणाचाही तसा हेतू नसताना. घरट्याचा नेमका फोटो आणि लोकेशन ग्रुपवर टाकलं की पुढच्या रविवारी खाली दहा कॅमेरे असतात, दुर्मीळ वनस्पतीचं टाकलं तर कोणी कंदच उपटून नेतं. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या साइटवर संकटात असलेल्या जातींची जागा आपोआप धूसर करून दाखवतात, पक्षीनोंदींच्या ईबर्डवरही संवेदनशील पक्ष्यांची नेमकी ठिकाणं झाकतात, आणि ते योग्यच आहे. आपल्या वहीतही दोन थर हवेत, बोल्ट आणि मोहोळ सगळ्यांना, घरटं आणि फूल फक्त वनखात्याला आणि लक्ष ठेवणाऱ्यांना, बाकीच्यांना एवढंच की ही भिंत या तारखेपर्यंत नको. ड्रोन उडवून घरटी मोजण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे. समोरच्या धारेवरून स्पॉटिंग स्कोपने, म्हणजे लांबचं बघायच्या दुर्बिणीने, सकाळचे दोन तास बसून जे दिसतं ते पुरेसं असतं, आणि अंड्यावर बसलेला पक्षी उठत नाही.

आकडे आले म्हणजे सत्य आलं असंही नव्हे, ते वाचायलाही शिकावं लागतं. कॅनडात नायगारा एस्कार्पमेंटच्या कड्यांवर खुरटी दिसणारी देवदारसारखी झाडं हजार हजार वर्षांची निघाली, ते कळल्यावर क्लाइंबिंगमुळे त्यांचं काय होतंय याचे अभ्यास सुरू झाले. चढाईच्या भिंतींवर झाडोरा कमी आणि न चढलेल्या भिंतींवर जास्त, म्हणजे दोष क्लाइंबर्सचा, असं आधी वाटलं. नंतरच्या अभ्यासात कपारी, टप्पे, उतार हे सगळं धरून तुलना केली तेव्हा दिसलं की बराचसा फरक भिंतींचाच होता, क्लाइंबर मुळातच गुळगुळीत, झाडं कमी असलेली भिंत निवडतात. म्हणून दोन वेगळ्या भिंतींची तुलना पुरत नाही, एकाच भिंतीची आधीची आणि नंतरची नोंद लागते. आधीची नोंद एकदाच करता येते, रूट उघडण्यापूर्वी. नवीन भिंतीवर ड्रिल चालवायच्या आधी एक पावसाळा आणि एक हिवाळा तिचं नुसतं निरीक्षण व्हावं ही माझी मागणी इथूनच येते, आणि उत्साही मित्रांना ती जाचक वाटते हे मला माहीत आहे.

आणि वेळ कमी आहे. २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे, नाशिक-त्र्यंबक पट्ट्यात रस्ते, पार्किंग, बांधकामं, गर्दी हे सगळं येतंय, ब्रह्मगिरी-अंजनेरीच्या रोपवेचा प्रस्ताव आणि त्याला झालेला विरोधही नाशिककरांना माहीत आहे. अशा कुठल्याही विषयावर उद्या कोणी विचारलं की आधी इथे काय होतं, तर त्या दिवशी मागची मोजमापं तयार करता येत नाहीत. राज्य सरकारचं साहसी पर्यटनाचं धोरण २०२१ मध्ये आलं, त्यात भर सहभागी लोकांच्या सुरक्षिततेवर आणि संस्थांच्या नोंदणीवर आहे, ते हवंच. कड्यावर राहणाऱ्यांची नोंद मात्र आपल्यालाच सुरू करावी लागणार.

आम्ही काही जणांनी ठरवलंय की या पावसाळ्यानंतर एकाच भिंतीपासून सुरुवात करायची, बोल्ट, वाट, मोहोळ, घरटं, चार रकाने. त्यासाठी एक जुनी माहिती लागणार आहे आणि ती आमच्याकडे नाही. ऐंशी-नव्वदच्या दशकात नाशिकच्या कड्यांवर ज्यांनी पेग (कातळाच्या भेगेतले खिळे) ठोकले, बोल्ट मारले, त्यांच्या डायऱ्या, हाताने काढलेले टोपो, फोटोंची पाकिटं माळ्यावर कुठेतरी असतील. फोटो क्लाइंबरचा असला तरी मागे भिंत दिसते, भिंतीवरची झुडपं दिसतात, कधी कपारीखालचे पांढरे ओघळही दिसतात, आणि मागच्या बाजूला बऱ्याचदा तारीख लिहिलेली असते. तुमच्या घरात काका, मामा, आत्या कोणी त्या काळात डोंगरात जाणारं असेल तर एकदा त्यांच्याशी बसून ही पाकिटं उघडा, भिंत कोणती ते त्यांच्याकडूनच फोटोच्या मागे पेन्सिलने लिहून घ्या, आणि स्कॅन करताना मागची बाजू पण करा.